बोट एक, किल्ल्यांचा जुडगा मोठा

चौघांनी मिळून मासेमारीची बोट घेतली तेव्हा वाटलं, आता फक्त गळ टाकायचा आणि बसायचं. पण तळ्याकाठी बांधलेली बोट चोरांपासून सांभाळणं हा वेगळाच प्रोजेक्ट निघाला. मिनेसोटातल्या एका डॉकवरून...

ऑनसाइट आलेल्या मराठी माणसाची प्रगती मोजायची एक ठरलेली पट्टी आहे. पहिल्या वर्षी नायगारासमोर जॅकेट घालून फोटो. दुसऱ्या वर्षी सेकंडहॅण्ड कॅमरी. तिसऱ्या वर्षी आई-बाबा येतात, मग पुन्हा नायगारा. त्यानंतर मात्र वाटा फुटतात. कुणी घर घेतो, कुणी मॅरेथॉन पळायला लागतो, कुणी मंडळाच्या नाटकात घुसतो. आमच्या ग्रुपने बोट घेतली.

बोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र यॉट, गॉगल आणि हातात ग्लास वगैरे आलं असेल, तर सॉरी बॉस. आमची बोट म्हणजे १६ फुटांची अ‍ॅल्युमिनियमची होडी. रंग कधीकाळी हिरवा असावा. आत आडव्या तीन फळ्या, मागे २५ हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे बॅटरीवर चालणारी छोटी ट्रोलिंग मोटर आणि माशांचा पत्ता सांगणारा एक स्क्रीन. चौघांनी कॉन्ट्री काढून घेतलेली. चौघांतले तिघे आम्ही एकेकाळचे रूममेट आणि चौथा मालवणचा. तो टेस्टिंगमध्ये आहे, पण त्याला गळाला आमिष लावताना बघाल तर म्हणाल, हा माणूस चुकून आयटीत आला.

इथे मिनेसोटात ही काही चैन समजली जात नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर '१० हजार तळी' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात १० एकर आणि त्याहून मोठी तळी सरकारने मोजली तर ती ११,८४२ भरली. जाहिरातीत आकडा कमी करून सांगणारं सरकार मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. मे महिन्याच्या मध्यावर वॉलआय नावाच्या माशाचा सीझन उघडतो, तो शनिवार म्हणजे इथली गणेश चतुर्थीच. आदल्या शुक्रवारी दुपारनंतर मीटिंग लावायची कुणाची टाप नसते.

आमची बोट मिनिआपोलिसपासून पाऊण तासावरच्या एका लहानशा तळ्यावर असते. तिथे सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थांचा स्वतःचा डॉक आहे. त्याच्या एका बाजूची जागा आम्ही उन्हाळ्यापुरती भाड्याने घेतो. इथे आजोबांच्या वयाच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते सात वर्षांत जमलेलं नाही. मी वाक्यं अशी फिरवतो की हाक मारायची वेळच येऊ नये. आपापसात आम्ही त्यांना डॉककाका म्हणतो.

तर दोन वर्षांपूर्वी जुलैत डॉककाकांचा फोन आला. समोरच्या काठावरून एका रात्रीत दोन इंजिनं गेली होती. बोटी जागच्या जागी डुलत होत्या, फक्त मागची बाजू रिकामी. 'तुमचं अजून आहे,' काका म्हणाले. त्या 'अजून'ने आमची झोप उडवली.

काढता येतं, म्हणूनच जातं

या चोरीचं मूळ शोधत गेलात तर ते आइस्क्रीमपर्यंत पोहोचतं. म्हणजे इथले मासेमार तरी तसंच सांगतात. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, लहानपणीच आईवडिलांबरोबर शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात आलेला मेकॅनिक. एका पिकनिकला मैत्रिणीला आइस्क्रीम खावंसं वाटलं. पठ्ठ्या वल्ही मारत तळ्यापलीकडे गेला आणि परत येईस्तोवर आइस्क्रीमचं दूध झालं. त्या वैतागातून म्हणे त्याने होडीच्या मागे अडकवायचं इंजिन बनवलं. आइस्क्रीमचं खरंखोटं काय असेल ते असो, १९०९ मध्ये त्याने ते इंजिन विकायला काढलं. दीड हॉर्सपॉवर, वजन २८ किलोच्या आसपास. खरा फंडा पॉवरचा नव्हताच. कुठलीही होडी घ्या, मागच्या फळीवर इंजिन ठेवा, दोन स्क्रू आवळा आणि निघा. काम झालं की स्क्रू सैल करा आणि इंजिन उचलून घरी न्या.

शंभराहून जास्त वर्षं उलटली. एव्हिनरूड हा ब्रँड २०२० मध्ये बंदही झाला. पण लहान आउटबोर्ड इंजिनांचा फंडा तोच राहिला आहे. आता जे मालकाला दोन मिनिटांत काढता येतं, ते चोरालाही येणारच. १० हॉर्सपॉवरचं इंजिन ४० किलोच्या आतबाहेर असतं, आणि नवीन घ्यायला तीन हजार डॉलरच्या घरात जातं. चोराला दोन माणसं आणि एक पिकअप ट्रक पुरतो. किंवा ट्रकही नको, पाण्यातूनच दुसऱ्या होडीने वल्ही मारत यायचं. रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या कुत्र्याला पत्ताही लागत नाही. अख्खी बोट चोरली तर तिच्या अंगावर नंबर असतो, ती लपवायला जागा लागते. इंजिन जुन्या ताडपत्रीखाली मावतं.

कुलूप किती मिनिटांचं?

त्या शनिवारी आम्ही चौघे हार्डवेअरच्या दुकानात घुसलो ते दिवाळीच्या खरेदीला निघाल्यासारखे. काकांनी आधीच बजावलं होतं की न तुटणारं कुलूप असलं काही नसतं. चोराला किती वेळ लागेल आणि किती आवाज करावा लागेल, एवढंच आपण ठरवू शकतो. शांत तळ्यावर आवाज पाण्यावरून फार लांब जातो. ग्राइंडर चालवला तर पलीकडच्या काठावरचा माणूस उठून बसेल.

पहिली खरेदी इंजिनाच्या कुलपाची. लहान इंजिनाच्या त्या दोन स्क्रूंना आडव्या मुठी असतात. दोन्ही मुठी एका रेषेत आणायच्या, त्यांच्यावरून चीर असलेली पोलादी नळी सरकवायची आणि टोकाला कुलूप घालायचं. मुठी फिरत नाहीत, म्हणून स्क्रू सुटत नाहीत. साधारण ३० ते ६० डॉलरमध्ये मिळतं. आमच्या इंजिनाला स्क्रूंशिवाय फळीतून आरपार गेलेले बोल्टही आहेत. त्यांच्यासाठी वेगळा नट येतो, जो त्याच्याच किल्लीने फिरतो. गाडीच्या अलॉय व्हीलला असतो ना, तसाच प्रकार. दोन्ही घेतलं.

दुसरी खरेदी साखळीची. आणि इथे आमच्या मालवणकराने पहिला पॉइंट मारला. आम्ही साखळी डॉकच्या खांबाला बांधायची तयारी करत होतो, तर त्याने आधी खांबाला मिठी मारली आणि वर उचलला. खांब आला की हातात! इथले डॉक आपल्या भाऊच्या धक्क्यासारखे दगडी नसतात. हिवाळ्यात तळं गोठतं, बर्फ फुगतो, सरकतो आणि मध्ये येईल ते चुरडतो. म्हणून दर ऑक्टोबरात डॉकचे भाग सुटे करून काठावर ओढून ठेवतात. काही डॉकना तर चक्क चाकं असतात. अशा खांबाला जगातली सर्वांत महागडी साखळी बांधली तरी चोर खांबासकट घेऊन जाईल. शेवटी काठावरच्या ओकच्या झाडाला साखळी घातली. झाडाची साल सोलू नये म्हणून तिच्यावर बागेतला जुना पाइप चढवला, आणि पाणी वरखाली झालं तर बोट लटकू नये म्हणून थोडी ढील ठेवली. साखळी घ्यायची तर कडक केलेल्या पोलादाचीच घ्या. साधी साखळी बोल्ट कटरखाली चकलीसारखी तुटते.

खरी करामत मात्र काकांच्या स्वतःच्या बोटीची आहे. ती पाण्यात नसतेच. डॉकच्या बाजूला एक चौकट उभी असते, तिला मोठं चाक असतं. चाक फिरवलं की बोट पाळण्यासारखी वर उचलली जाते. याला लिफ्ट म्हणतात. बोटीला शेवाळ लागू नये, लाटांनी ती डॉकवर आपटू नये म्हणून लोक लिफ्ट घेतात. पण वर उचललेल्या बोटीचं चाक साखळीने जखडून कुलूप लावलं की ती खाली येऊ शकत नाही, आणि खाली आली नाही तर तरंगणार कशी? आम्ही पुन्हा कॉन्ट्री काढून पुढच्या मे महिन्यात एक सेकंडहॅण्ड लिफ्ट बसवली. माझ्या मते डॉकवरच्या बोटीसाठी हाच सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. इंजिनही पाण्यातून चालत येणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर जातं, आणि तेवढ्या उंचीवरून ४० किलो उतरवून बघा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बऱ्याच जणांना वाटतं, इंजिनाच्या किल-स्विचची दोरी खिशात घातली की बोट सुरक्षित. ही लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असते. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद. एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या हद्दीतल्या पाण्यात २६ फुटांखालच्या मोटरबोटींना ती वापरणं सक्तीचंही झालं आहे. जीव वाचवायला उत्तम. चोराला थांबवायला शून्य. वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्लिपांचा अख्खा गुच्छ दुकानात मिळतो, आणि इंजिनच उचलून न्यायचं असेल तर ते चालू कोण करतंय?

स्क्रीन आणि बॅटरीबद्दल फार बोलत नाही. गार्मिनने २०१८ मध्ये लाइव्हस्कोप आणलं तेव्हापासून पाण्याखालचा मासा चालताना दिसतो, आणि हे असले सेट हजार-दोन हजार डॉलरच्या वर जातात. बॅगेत मावणारी हजार डॉलरची वस्तू कोण सोडणार? स्क्रीनच्या स्टँडला झटकन सुटणारी खाच बसवा, घरी येताना लॅपटॉपसारखा काखोटीला मारा. बॅटरीही उचलून आणा. कंटाळा येतो, मान्य आहे.

हात दिसतील असे ठेवा

आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

कुलपं लागली तरी चैन पडेना. मग आम्ही पाळ्या लावल्या. दर दोन-तीन रात्रींनी कुणीतरी दोघांनी ऑफिसनंतर जाऊन बोट बघून यायची. वॉलआय कमी उजेडात आपल्यापेक्षा चांगलं बघतो, म्हणून तो अंधार पडतानाच गळाला लागतो. त्यामुळे रात्री तळ्यावर माणसं असणं इथे अजिबात नवलाचं नाही. मी आणि मालवणकर असेच एका गुरुवारी साडेदहाला डॉकवर होतो. डोक्याला दिवे बांधलेले, दोघे मागच्या फळीवर वाकून नट घट्ट आहे का ते बघतोय.

पाठीमागून प्रखर प्रकाश आला. 'हात दिसतील असे ठेवा आणि सावकाश वळा.'

तळ्यांवरच्या गस्तीचं काम इथे काउंटीच्या शेरीफकडे असतं. त्यांचा तरुण डेप्युटी उभा होता, आमच्याच वयाचा. आवाज चढलेला नव्हता. पण एक हात कमरेशी होता आणि मला तेवढंच दिसत होतं. बोट कुणाची? आमची. डॉक कुणाचा? काकांचा. काका कुठे? नातवाच्या गावाला, मुक्कामी. आपल्याच बोटीवरून आपल्याकडे बोट दाखवलं जाणं काय असतं, ते त्या रात्री कळलं.

कागद दाखवा म्हणाला. नोंदणीचं कार्ड माझ्या आणि आणखी एकाच्या नावावर आहे आणि ते मी पाकिटात ठेवतो. त्याची परवानगी घेऊन, दोन बोटांनी, हळूच पाकीट काढलं. त्याने कार्डावरचा नंबर बोटीच्या पुढच्या टोकावरच्या नंबराशी ताडून पाहिला. मालवणकर त्या टोकाला नाळ म्हणतो. नंतर डेप्युटी मागे आला, मागच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात टॉर्च मारला आणि तिथे कोरलेली अक्षरं एकेक करून कार्डाशी जुळवत बसला. चार-पाच मिनिटं असतील. मला ती आमच्या क्लायंट कॉलपेक्षा लांब वाटली. जुळली. त्याने टॉर्च खाली केला आणि एकदम नेहमीच्या माणसासारखा बोलायला लागला.

फोन शेजारच्या घरातल्या बाईंनी केला होता. त्याही तोवर खाली आल्या, स्वेटर पांघरून. त्या काठावर तीस वर्षं राहतात. आम्हाला त्यांनी दर शनिवारी लांबून पाहिलेलं होतं, हातही केलेले होते. रात्री हेडलॅम्पखाली चेहरे ओळखू आले नाहीत, म्हणाल्या.

राग आला का? आला होता. परतताना गाडीत आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही. पलीकडच्या डॉकवर रोज रात्री गोरी पोरं बिअर घेऊन बसतात, त्यांच्यासाठी कुणी फोन करत नाही, हे दोघांच्याही डोक्यात होतं आणि दोघांनाही ते आधी बोलायचं नव्हतं. हॉटेलात, विमानतळावर, दुकानात आपण थोडे जास्तच गुळगुळीत इंग्रजी बोलतो ना, तेच सगळं आता आपल्याच बोटीपाशीही करायचं का?

पुढच्या शनिवारी मी त्या बाईंकडे गेलो. बायको म्हणाली होती, भांडायला जाऊ नकोस. भांडलो नाही, पण विचारलं, की आमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी फोन केला असता का. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'माहीत नाही. पण मी फोन केला नसता आणि ते दोघे तुम्ही नसता, तर तुमचं इंजिन जाताना कोण बघणार होतं?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही अर्धंच आहे.

मालवणकराचं म्हणणं वेगळं. त्यांच्या वाडीत होड्या वाळूवर उघड्याच पडलेल्या असतात. इंजिन घरी नेतात, पण होडीला कुलूप लावलेलं त्याने कधी बघितलं नाही. 'लावायचं कशाला? कुठली होडी कुणाची आणि आज तिच्यावर कोण गेलंय, ते किनाऱ्यावरच्या जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यालापण ठाऊक असतं. इथे आपण चार वर्षं येतोय आणि कुणाला आपलं नाव माहीत नाही. चूक कुणाची ते सोड, पण ते बदलायला हवं.' मग त्याने जे केलं ते पुस्तकात शोभणारं नाही, पण लागू पडलं. त्या रविवारी वॉलआयचे तुकडे मालवणी मसाला लावून तळले, आणि डिश घेऊन एकेका डॉकवर गेला. सोबत एक कागद. त्यावर बोटीचा फोटो, पुढचा नंबर, आम्हा चौघांचे फोटो, नावं आणि फोन. मी म्हटलं, हे पोलिसांच्या 'वॉन्टेड' पोस्टरसारखं दिसतंय. तो म्हणाला, तसंच दिसू दे, लक्षात राहतं. काकांनी सगळ्या काठाचा एक फोन ग्रुप केला. आता रात्री जायचं असेल तर तिथे एक ओळ टाकून निघतो. त्या बाई न चुकता अंगठा पाठवतात.

कोपऱ्यातली बारा अक्षरं

डेप्युटीने टॉर्च मारून वाचली ती अक्षरं म्हणजे बोटीचा हल क्रमांक. गाडीला चॅसिस नंबर, तसा बोटीला हा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या प्रत्येक बोटीवर तो असावा लागतो. एकूण बारा अक्षरं आणि आकडे. पहिली तीन बनवणाऱ्या कंपनीची, शेवटचे दोन आकडे मॉडेलच्या वर्षाचे. गंमत पुढे आहे. ऑगस्ट १९८४ पासून तोच क्रमांक बोटीवर दुसऱ्या एका लपलेल्या जागीही टाकतात. चोराने वरचा खरवडला तरी आतला राहतो. बोट चोरीला गेल्याची तक्रार केली की हा क्रमांक एफबीआयच्या देशभरच्या यादीत जातो, आणि मग कुठल्याही राज्यातला पोलीस तो तपासू शकतो. पण तो तुमच्याकडे लिहिलेला हवा! इंजिनाचा सीरियल नंबर वेगळा, ट्रोलिंग मोटरचा वेगळा, ट्रेलरचा वेगळा. सगळ्यांचे फोटो काढून फोनमध्ये आणि मेलमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. मूळ बिलं बोटीत ठेवू नका, नाहीतर चोराला बोटीबरोबर मालकीही मिळायची.

आमच्या बाबतीत तर कार्ड आणि बिल एवढंच होतं. मिनेसोटात १६ फुटांपेक्षा लांब बोटीला गाडीसारखं मालकीचं टायटल लागतं. आमची नेमकी १६ ची. घेताना आनंद झाला होता, एक फी वाचली म्हणून.

विम्याचं लगे हाथ सांगून टाकतो. घराच्या विम्यात बोट आली असेल असं समजून चालू नका. इथल्या नेहमीच्या पॉलिसीत बोट, इंजिन, ट्रेलर सगळं मिळून साधारण १,५०० डॉलरची मर्यादा असते. वर घराच्या आवाराबाहेरून बोट चोरीला गेली तर तेवढेही नाहीत. म्हणजे तळ्यावरच्या डॉकवर बांधलेली बोट गेली की भोपळा. वेगळी बोट पॉलिसी घ्या आणि एजंटला एकच प्रश्न विचारा. चोरी झाली तर आधी ठरलेली किंमत मिळणार, की घसारा वजा करून उरेल ते? दुसरा प्रकार स्वस्त पडतो. पण दहा वर्षं जुन्या इंजिनावर घसारा लावला की हातात गळ आणि दोरीच उरते.

हरणांचा कॅमेरा

आम्ही आयटीवाले, त्यामुळे गॅजेट्सवर पहिली उडी पडणारच. एअरटॅग २०२१ मध्ये आल्यापासून लोक तो कशालाही चिकटवतात. आमच्याही बोटीत एक आहे, कुठे ते सांगणार नाही. पण त्याची मर्यादा ओळखा. तो जवळपासच्या अ‍ॅपलच्या फोनच्या जिवावर जगतो, आणि मध्यरात्री तळ्यावर फोन कुणाचा असणार? शिवाय कुणाच्या नकळत कुणाचा पाठलाग होऊ नये म्हणून 'तुमच्यासोबत अनोळखी एअरटॅग फिरतोय' अशी सूचना समोरच्याच्या फोनवर जाते. म्हणजे चोरालाच. सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर जास्त कामाचा. बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की मेसेज येतो. त्याला महिन्याचं भाडं पडतं आणि बॅटरीची काळजी घ्यावी लागते.

सर्वांत भारी मात्र काकांचा जुगाड. इथे शिकारी लोक जंगलात झाडाला कॅमेरे बांधतात, हरणं कुठून येतात-जातात ते बघायला. कॅमेऱ्याला वायर लागत नाही, अंधारात दिसतं, हालचाल झाली की फोटो काढून फोनवर पाठवतो. काकांनी त्यातला एक ओकवर, डॉककडे तोंड करून बांधला. पहिल्या सीझनचे फोटो बघाल तर हसून लोटपोट व्हाल. रॅकून. बगळा. तोच बगळा. पहाटे चार वाजता पायजम्यात स्वतः काका. आणि ऑगस्टमध्ये एकदा दोन अनोळखी माणसं. डॉकवर आली, लिफ्टच्या चाकापाशी वाकली, साखळी हातात घेऊन बघितली, आणि निघून गेली. कॅमेऱ्याचा फोटो माझ्या फोनवर आला तोवर शेजारच्या बाईंनी ग्रुपवर विचारलेलंही होतं, की आज आमच्यापैकी कुणी येणार होतं का. नव्हतं. फोटो शेरीफच्या ऑफिसला पाठवून दिले. ती माणसं आमची बोट बघायला आली होती की नुसतीच भटकत होती, कळलं नाही.

सध्याचा आमचा प्रश्न हिवाळ्याचा आहे. विमावाले आणि पोलीस दोघंही सांगतात की बोट पाण्यातून जाते त्याहून जास्त ट्रेलरवरून जाते. साहजिकच आहे. पाण्यातली बोट हलवायला बोटीचं कौशल्य लागतं, ट्रेलरवरची हलवायला फक्त ट्रकमागचा हुक. आणि इथे ऑक्टोबर ते एप्रिल ती कुठल्यातरी मोकळ्या आवारात प्लॅस्टिक गुंडाळून उभी. सहा महिने कुणी ढुंकून बघत नाही. चोरी डिसेंबरात झाली तरी कळणार एप्रिलमध्ये. म्हणून हुकात बसणारं कुलूप वेगळं, चाकाला जॅमर वेगळा, आणि बोट अशी उभी करायची की हुकाची बाजू भिंतीकडे राहील. यंदा एक पाऊल पुढे गेलो. इंजिन काढून मालवणकराच्या गॅरेजमध्ये स्टँडवर उभं केलंय, जुन्या चादरीत गुंडाळून. त्याच्या मुलीने त्याला टोपी घातली आहे.

मे उजाडेपर्यंत किल्ल्या माझ्याकडे असतात. इंजिनाची, नटाची, साखळीची, लिफ्टच्या चाकाची, हुकाची, जॅमरची. परवा मोजल्या तर सात भरल्या. सातवी कशाची, ते चौघांपैकी कुणालाच आठवत नाहीये.